मोठ्या काचेमागचं माणूस

नव्या गाडीचं दार लावलं आणि काचवाल्याला पहिला धक्का बसला. दार लागलं, पण आवाजच आला नाही. त्याने उघडून पुन्हा लावलं. पुन्हा नुसतं फुस्स. जुन्या गाडीचं दार लावलं की सगळ्या गल्लीला कळायचं, काचवाला कामाला निघाला. हे काय दार झालं?

"लागलं का हे?" त्याने शेजारी बसलेल्या जावयाला विचारलं.

"लागलं बाबा. हळूच लावायचं असतं."

"चावी कुठे घालायची?"

"खिशात ठेवा."

"खिशात ठेवू? मग गाडीत काय घालू?"

"काही नाही घालायचं. हे बटण दाबा."

त्याने बटण दाबलं. काहीच झालं नाही. निदान त्याला तरी तसं वाटलं, कारण इंजिन सुरू झालेलं त्याला कळलंच नाही. तेवढ्यात एक बाई अगदी कानाशी म्हणाली, "कृपया पट्टा लावा." काचवाला सीटवरच उडाला. मागे वळून बघितलं, बाहेर बघितलं. अंगणात त्याची लेक उभी होती, ती हसून हसून खाली बसायच्या बेतात आलेली. तिच्याशेजारी त्याची बायको उभी होती. ती हसत नव्हती. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

बरोबरच होतं तिचं. तिने सही केली होती.

आता ही सहीची भानगड सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. काचवाल्याची जुनी गाडी म्हणजे एकतीस वर्षांची पिकअप, नाव म्हातारी. नवी कोरी घेतली तेव्हाही तिचं नाव म्हातारीच होतं, कारण घेतली तेव्हाच ती दिसायला तशी होती. तीन पेडल, एक दांडा, खिडकीची काच वरखाली करायला हँडल, बास. रेडिओ नाही, पंखा नाही, घड्याळसुद्धा नाही. लोक हसायचे. काचवाला म्हणायचा, "अहो, जे नाहीच ते बिघडेल कसं?" तिचं काय दुखतंय हे त्याला आवाजावरून कळायचं, आणि दोन पाने आणि एक स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर तो ते बरं करायचा. ड्रायव्हरच्या पाठीमागची काच एकदा फुटली तर त्याने स्वतःच्या हाताने पातळशी साधी काच बसवली. ती इतकी पातळ होती की मागच्या माणसाने खाकरलं तरी पुढे ऐकू यायचं.

पण म्हातारी उन्हात तापायची, खड्ड्यात आपटायची, आणि बायकोची कंबर गेल्या दोन वर्षांत पार कामातून गेली होती. लेक आणि जावई पाठीशी लागले. बाबा, नवी घ्या. बाबा, आईकडे बघा. शेवटी एका रविवारी काचवाला वैतागून म्हणाला, "करा तुम्हाला काय करायचं ते!" आता घरातल्या म्हाताऱ्याने असं म्हटलं की त्याचा अर्थ 'खबरदार, हात लावाल तर' असा होतो, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. लेकीलाही माहीत होतं. पण तिने सोयीचा अर्थ घेतला. "धुवायला नेतो," म्हणून जावयाने सकाळी म्हातारी नेली आणि संध्याकाळी हे पांढरंशुभ्र धूड दारात आणून उभं केलं. म्हातारी पहिल्यापासून बायकोच्या नावावर होती. विकायच्या कागदावर सही तिने केली होती, तीही नवऱ्याला न विचारता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

काचवाल्याने अंगणात जाऊन म्हातारीची जागा बघितली. तिथे तेलाचा डाग होता फक्त. माणूस गेल्यावर घरात शिरावं तसा तो घरात शिरला, आणि त्याने बायकोशी अबोला धरला.

हा अबोला म्हणजे साधी गोष्ट नव्हे. काही माणसं रागावली की भांडी आपटतात, काही शिव्या देतात. काचवाला गप्प बसायचा. मेहुण्याशी तो एकदा वर्षभर बोलला नव्हता, तेही कशावरून, तर मेहुणा त्याच्या कामाला 'खिडक्या पुसायचं काम' म्हणाला म्हणून. बायकोशी अबोला दोन-चार दिवसांचा असायचा. "जेवायला चला," ती म्हणायची. हा ढिम्म. "अहो, पान वाढलंय." हा समोरच्या भिंतीकडे बघणार. तिसऱ्यांदा हाक मारून ती निघून जायची आणि मग हा उठून निमूट जेवायचा. ऐकू सगळं यायचं त्याला, अगदी शब्द न् शब्द. उत्तर तेवढं द्यायचा नाही. बायकोला ते पाठ होतं. ती भिंतीशी बोलावं तसं बोलत राहायची, आणि अबोला ओसरला की दोघंही काही झालंच नाही असं वागायची. संसार असाच चालतो, नाही का?

या वेळी मात्र नऊ दिवस झाले तरी अबोला ओसरेना.

दहाव्या दिवशी मोठी काच न्यायची होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक चपलांचं नवं दुकान उघडायचं होतं, त्याच्या दर्शनी भागाची. दहा फूट लांब, सात फूट उंच, एकसंध. असलं काम दुकानात वर्षाकाठी दोन-तीनदाच यायचं. काच कापायची बायको. हो, बायकोच. लोकांना वाटायचं, काचवाला म्हणजे कापणारही तोच असणार. तो बसवायचा, गाडी चालवायचा, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. पण हिरकणी, म्हणजे काच कापायची हिऱ्याच्या टोकाची लेखणी, धरायची तिने. मोठ्या काचेवर हिरकणी एकदाच फिरते. मध्ये थांबली, दाब कमी-जास्त झाला, की काच मनाला येईल तिथे तडकते. दुकानातल्या टेबलाशी वाकून, श्वास रोखून, दोन बोटांत हिरकणी धरून बायको दहा फुटांची रेघ एका दमात ओढायची. चर्रर्र असा बारीक आवाज यायचा. मग ती खालून बोटांनी हलकं टिचकवायची आणि काच सरळ रेषेत सुटायची. "तुमच्या हातात काय जादू आहे हो, बाई?" गिऱ्हाइकं विचारायची. ती म्हणायची, "जादू कसली, काच बोटांना सांगते, मी ऐकते." सगळं दुकान त्या दोन बोटांवर उभं होतं. काचवाल्याला ते माहीत होतं. त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं, ही गोष्ट निराळी.

सकाळी तिने काच कापली. चार हमाल बोलावले होते. त्यांनी काचेला चिकटणाऱ्या रबरी मुठी लावून ती उचलली आणि गाडीतल्या घोड्यावर टेकवली. घोडा म्हणजे तिरक्या फळ्यांचा लाकडी सांगाडा, त्याला काच उभी टेकून राहते. म्हातारीत हा घोडा तळाला बोल्टने जखडलेला होता. नव्या गाडीच्या हौद्यात मात्र चकचकीत काळं प्लास्टिक बसवलेलं होतं, ओरखडे पडू नयेत म्हणून. काचवाल्याने भोक पाडायचं म्हटलं तर जावई कळवळला होता, "बाबा, नव्या गाडीला भोक?" मग घोडा नुसताच ठेवून पट्ट्यांनी आवळला होता.

"खाली गुळगुळीत आहे बरं का," एक हमाल म्हणाला. "पाय घसरतोय इथे."

"आवळलाय चांगला," काचवाला म्हणाला. हमालाशी काही त्याचा अबोला नव्हता.

पट्टे आवळून झाले. बायको हात पुसत आली, पुढचं दार उघडलं, पिशवी सीटवर ठेवली आणि चढायला लागली. तेव्हा काचवाला नऊ दिवसांनी तिच्याशी पहिला शब्द बोलला.

"मागे."

"अहो, चार पट्टे लावलेत. कंबर बघा माझी. मी पुढे बसते ना."

"मोठ्या काचेमागे माणूस बसतं," तो म्हणाला.

हा त्यांच्या दुकानाचा रिवाज होता. मोठी काच असली की केबिन आणि घोडा यांच्या मधल्या बेचक्यात, गोधडीच्या घडीवर बायको बसायची. एक हात काचेवर. काच सैल व्हायला लागली की आधी थरथरते, आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधी तिच्या तळहाताला कळायचं. मग ती अंगठीने केबिनच्या काचेवर टकटक करायची. एकदा ठोकलं तर हळू. दोनदा ठोकलं तर थांब. काहीच नाही ठोकलं तर सगळं ठीक. एवढ्या वर्षांत त्यांची एकही मोठी काच रस्त्यात फुटली नव्हती. इतर काचवाले याला वेडेपणा म्हणायचे. म्हणू देत.

"या गाडीत गरज नाही हो त्याची. जावईबापू सांगत होते, ही हलतसुद्धा नाही."

"तुला हवी होती ना नवी गाडी? सही केलीस ना? मग बस आता मागे. भोग."

हमालांनी माना खाली घातल्या. बायकोने एक क्षण त्याच्याकडे बघितलं, दार लोटलं आणि मुकाट्याने मागे जाऊन चढली. काचवाला पुढे बसला. दाराने फुस्स केलं. आणि बघा, एकतीस वर्षं काचेत काढलेली दोन शहाणी माणसं, पण एकदा ठोकून बघावं, पुढे ऐकू जातं का बघावं, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. सुचणार कसं? चालताना पाय जमिनीला लागतोय का, असं कोणी तपासतं का? पाठीमागची काच काळी होती, जाड होती, दुहेरी होती. आरशात त्याला काळोख दिसला आणि त्याच्या वरच्या कडेला घोड्याची फळी. बायको खाली बसलेली, ती दिसत नव्हतीच. तशी ती म्हातारीतही दिसायची नाही.

गाडी निघाली. त्याने बाहेरच्या वळणाचा मोठा रस्ता धरला, म्हणजे शहरातले गतिरोधक लागायला नकोत. पहिल्या वळणावर तो कान देऊन होता. टकटक नाही. दुसऱ्या वळणावर नाही. गाडी लोण्यातून चालल्यासारखी चालली होती. गार वारा तोंडावर येत होता. खड्डा येऊन गेला तो त्याला दिसला, पण लागला नाही. म्हातारीने त्या खड्ड्यात त्याचे दात वाजवले असते.

मग घोटाळा झाला. रस्त्याच्या कडेने एक प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने उडत गाडीसमोर आली, आणि काचवाल्याचा पाय ब्रेकजवळही नसताना गाडीने स्वतःच कचकन ब्रेक मारला. तो पट्ट्यात अडकून पुढे फेकला गेला. समोरचा पडदा लालभडक झाला. ती बाई म्हणाली, "सावधान." पिशवी उडून गेली, लाल रंग गेला आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी पुढे चालू लागली.

"अगं बया!" काचवाला ओरडला. "गाडी मी चालवतोय की तू?"

त्याने वेग एकदम कमी केला आणि कान टवकारले. आता ठोकेल. एवढ्या धक्क्यात काच हलली नसेल असं होणारच नाही. तो मनात आकडे मोजू लागला. दहा. वीस. टकटक नाही. तीस झाले. एकदासुद्धा नाही. त्याने बाजूच्या आरशात बघितलं. काचेची कड सरळ उभी होती, उन्हात हिरवी चमकत होती.

तो चकित झाला. एवढा मोठा ब्रेक लागूनही काच हलली नाही? म्हातारीने असा ब्रेक मारला असता तर बायकोने केबिन डोक्यावर घेतलं असतं. म्हणजे जावई खोटं बोलत नव्हता म्हणायचं. पोरगा दिसतो बावळट, पण गाडी त्याने पारखून आणली होती. काचवाल्याने पायाचा जोर वाढवला. साठ. टकटक नाही. सत्तर. मोठी काच घेऊन तो आयुष्यात कधी चाळिसाच्या वर गेला नव्हता. पंचाहत्तर. आणि मागून चकार शब्द नाही. काचवाल्याला हसूच फुटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठी काच एकाही ठोक्याशिवाय चालली होती.

एक माणूस स्वतःची गाडी त्याच्या बरोबरीने आणून भोंगा वाजवायला लागला. हाताने मागे दाखवत होता, तोंडाने काहीतरी ओरडत होता. आत काहीच ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड हलताना दिसत होतं. नवी गाडी बघितली की लोकांच्या डोळ्यात खुपतं, काचवाल्याला वाटलं. त्याने ऐटीत हात हलवला आणि पुढे गेला.

तिथून पुढे बावीस मिनिटं लागली. वाटेत कुठेही थांबावं लागलं नाही. चपलांचं दुकान दिसायला लागलं तोपर्यंत काचवाल्याचा राग पार विरघळला होता. त्याने ठरवून टाकलं. उतरायचं आणि सरळ सांगायचं, तुझं बरोबर होतं, गाडी चांगली आहे. येताना पुढे बस. असं कबूल करणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं, पण आज जमेल असं वाटत होतं. त्याने आरशात बघून शब्दसुद्धा जुळवले.

तो उतरला. चपलांच्या दुकानाचा मालक बाहेरच उभा होता. तो हसत पुढे आला, हौद्यात डोकावला आणि त्याचं हसू तोंडावरच थिजलं.

"अहो," तो म्हणाला. "अहो, हे काय?"

काचवाला मागे गेला.

काच शाबूत होती. एक ओरखडा नव्हता तिच्यावर. घोडा मात्र गुळगुळीत प्लास्टिकवरून हातभर पुढे सरकून एका बाजूने केबिनला भिडला होता. केबिनचा पत्रा आणि काचेची कड यांच्या मध्ये बायकोचा उजवा हात अडकला होता. बेचक्यात ती उकिडवी झाली होती, खांदा काचेला लावून. काच कलंडू नये म्हणून एवढा वेळ तिने खांद्यावर तोलून धरली होती. चेहरा कागदासारखा पांढरा. डावा हात मांडीवर पडला होता आणि त्याच्या बोटांची पेरं सोललेली होती. अंगठी असलेलं बोट सुजून निळं झालं होतं. केबिनच्या त्या जाड काळ्या काचेवर रक्ताचे ठिपके होते. एक-दोन नव्हे. एकावर एक, एकाच जागी, इतके की तिथे डागच झाला होता.

काचवाल्याला काही कळेना. समोर दिसत होतं ते डोक्यात शिरेना. आणि माणसाच्या तोंडून अशा वेळी काय बाहेर पडेल याचा नेम नसतो.

"अगं, ठोकलं का नाहीस?" तो ओरडला.

बायकोने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. ती नजर त्याला ओळखू आली नाही. रागाची नव्हती, रडवेलीही नव्हती. रस्त्यातल्या अनोळखी माणसाने काहीतरी विचारावं आणि आपण त्याच्याकडे बघावं, तशी होती.

मग मालक धावला, शेजारच्या दुकानातली माणसं धावली. सहा जणांनी काच मागे ओढली. हात सुटला तेव्हा मात्र ती ओरडली. काचवाल्याला कोणीतरी धरून बाजूला बसवलं. मालकाने आपल्या गाडीतून दोघांना दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात तिला आत घेतलं. बाहेरच्या बाकावर काचवाला दोन तास एकाच जागी बसून होता. लेक रडत आली. जावई वाटेत चपलांच्या दुकानाशी उतरला आणि काच तिथे उतरवून दुसऱ्या चावीने नवी गाडी घेऊन आला, कारण ती तशीच रस्त्यात उभी होती. शेवटी डॉक्टरीण बाहेर आली. पहिली दोन बोटं चिरडली होती. हाडं जोडली आहेत, ती म्हणाली, बोटं राहतील. पण इतका वेळ दाबून राहिल्यामुळे त्यांत संवेदना येईल असं वाटत नाही.

"संवेदना म्हणजे?" काचवाल्याने विचारलं. त्याला शब्द माहीत होता. तरी विचारलं.

"स्पर्श कळणार नाही. गरम, गार, खरबरीत, काही नाही. लगेच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

लगेच आणलं असतं तर. काचवाला उठला. "मला ऐकू आलं नाही," तो जावयाला म्हणाला. "देवाशप्पथ सांगतो, एकदाही ऐकू आलं नाही. असं कसं होईल? तुम्ही चला माझ्याबरोबर."

दोघं खाली आवारात गेले. जावई आत बसला, दार लावलं, बटण दाबलं. काचवाला हौद्यात चढला, त्याच बेचक्यात बसला आणि मुठीने काळ्या काचेवर ठोकलं. मग दोन्ही मुठींनी. मग तो जावयाला हाका मारायला लागला, नाव घेऊन, ओरडून, घसा फुटेस्तोवर. आवारातली माणसं गोळा झाली. पहारेकरी धावत आला. जावई आत आरामात पुढे बघत बसला होता. दोन मिनिटांनी त्याने दार उघडून मागे डोकावलं.

"करा ना सुरू, बाबा," तो म्हणाला.

मग त्याने काचवाल्याच्या मुठी बघितल्या आणि त्याचा चेहरा पडला. तो खाली उतरला, गाडीला धरून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "मीच आणली हो ही. बाबा, ही नको आपल्याला. उद्याच्या उद्या परत देतो. म्हातारी कुठे गेली ते शोधून काढतो, पाय धरतो घेणाऱ्या माणसाचे."

काचवाल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला हायसं वाटलं होतं. दोष गाडीचा होता. तो पहिल्यापासून म्हणत होता, ही गाडी नको, एवढी सोंगं असलेली गाडी नको, आणि कोणी त्याचं ऐकलं नव्हतं. आता सगळ्यांना पटलं होतं. ही गोष्ट बायकोला ताबडतोब सांगायला हवी होती. ती नजर त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. ऐकू येत नव्हतं म्हटलं की ती नजर जाईल, असं त्याला वाटलं. तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

बायको जागी होती. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, उशीवर ठेवलेला. लेक औषधं आणायला गेली होती. काचवाला खाटेजवळ स्टुलावर बसला आणि धापा टाकत बोलायला लागला.

"अगं, ऐकूच येत नाही त्या गाडीत. आत्ता बघून आलो. जावयाला आत बसवलं आणि मी मागून ठोकलं, ओरडलो, बोंबललो, त्याला काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. काच दुहेरी आहे ती. मला कसं कळणार होतं सांग? मला वाटलं, तू ठोकत नाहीस म्हणजे सगळं ठीक आहे. म्हणून तर जोरात घेतली मी गाडी. खुश होतो गं मी. तुला सांगणार होतो की गाडी चांगली आहे."

तिने सगळं ऐकून घेतलं.

"हो का," ती म्हणाली.

ती छताकडे बघायला लागली. औषधाने तिचे शब्द जड झाले होते, पण ती शुद्धीवर होती.

"मला ते सुचलंच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"की तुम्हाला ऐकू येत नसेल. तो ब्रेक लागला, हात अडकला, तेव्हा मी दोनदा ठोकलं. तुम्ही गाडी हळू केलीत. म्हटलं, थांबतायत. थांबला नाहीत. परत ठोकलं. परत. मग म्हटलं, चिडलेत. नऊ दिवस झाले, अजून राग उतरला नाही. सकाळी म्हणालाच होतात, भोग."

"अगं, पण..."

"मग तुम्ही गाडी जोरात घेतलीत." ती सावकाश बोलत होती, हिशेब लागत नाही म्हणून पुन्हा मांडून बघावा तशी. "तेव्हा मी ठोकायची थांबले. म्हटलं, आणखी ठोकलं तर आणखी जोरात नेतील."

खाली आवारात कोणीतरी गाडी वळवत होतं. त्याला तिचे शब्द कळत होते, एकेक करून कळत होते, आणि तरी ते आपल्याबद्दल आहेत हे त्याला धरता येईना. बावीस मिनिटं. ती तिथे बसून होती, आणि पुढे बसलेल्या नवऱ्याला सगळं ऐकू येतंय, असं समजून बसली होती.

"मी असा आहे का गं?" त्याने विचारलं.

तिने लगेच नाही म्हटलं नाही. ती विचार करत होती. खरोखर विचार करत होती, हे त्याला दिसत होतं.

मग ती म्हणाली, "पाणी द्या जरा."

त्याने पेला भरून तिच्या ओठांना लावला. निम्मं पाणी चादरीवर सांडलं.